बंदुकीचा घटनात्मक हक्क : अमेरिकेने मर्यादा कुठे घालायची?

डॅलसवासी
उवाल्डे आमच्याच टेक्सास राज्यातलं. २४ मे २०२२ ला तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा. वाढदिवसानंतर काही दिवसांतच त्याने दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालच्याला पिस्तूल विकू शकत नाही, रायफल मात्र विकू शकतो. हा फरक कुणाच्या भल्याचा?

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती सुरूच होते ती सुनियंत्रित नागरी सेनेच्या उल्लेखाने. स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा म्हटलं ते २००८ साली, वॉशिंग्टन शहराच्या बंदूक कायद्याविरुद्धच्या हेलर खटल्यात, ५ विरुद्ध ४ मतांनी. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. माझ्या मुली शाळेत गोळीबार झाला तर कुठे लपायचं याचा सराव करतात. मला हे सहन होत नाही.

परखड
मुलींची काळजी समजते. पण उवाल्डेत पोलीस होतेच ना? ते ७७ मिनिटं थांबून राहिले आणि बाहेर आईबापांना अडवत बसले.

कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकचंही तेच. बापाविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम असताना तो तिन्ही मुलींना घेऊन गेला. आईने पोलिसांना परोपरीने विनवलं. मुली मेल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांकडून तो हुकूम बजावून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही. मग माणसाने राहायचं कुणाच्या भरवशावर?

शस्त्रबंदी कुणावर येते तेही पाहा. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी ती गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांवर लादली. आपल्याकडे इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा होता, त्यातही गोऱ्यांना सूट होती.

कनेटिकटची मावशी
१८७८ चा दाखला मला पटतो, बाबा. पण २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लेकरं गेली, ती रायफल मारेकऱ्याच्या आईने कायदेशीर घेतलेली होती. घरातलीच. त्याने आधी आईलाच मारलं. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक आत्महत्या. तिथे चोरही नव्हता आणि जुलमी सरकारही नव्हतं. खचलेल्या माणसाच्या हाताशी भरलेली बंदूक होती. कुलपाची सक्ती करा, एवढंच माझं मागणं.

परखड
मावशी, हेलरमध्ये वॉशिंग्टन शहराची नेमकी हीच अट रद्द झाली. रात्री दार फोडून कुणी आत आलं तर किल्ली शोधत बसायचं का?

डॅलसवासी
वॉशिंग्टनच्या कायद्याने घरातली बंदूक कायम भाग सुटे करून किंवा कुलूपबंद ठेवायची होती, म्हणून तो पडला. सान फ्रान्सिस्कोचा कायदा अंगावर बाळगलेल्या पिस्तुलाला सूट देतो, बाकी वेळी कुलूप मागतो. तो २०१४ मध्ये अपील न्यायालयात टिकला.

आणि कॅसल रॉकची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या बापाने पोलिसांवर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, ते त्याने त्याच संध्याकाळी विकत घेतलं होतं. डोक्यावर मनाई हुकूम असताना. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की असा हुकूम असलेला धोकादायक माणूस निःशस्त्र करता येतो. त्या आईला आधी हे हवं होतं. तुम्ही या निकालाच्या बाजूने आहात की विरुद्ध, ते सांगा.