पणजोबांच्या मागची पिढी कुठे शोधायची? (खानापूर)

मलप्रभाकाठ
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं शेतकरी घराणं. पणजोबांपर्यंतची नावं पाठ आहेत, त्यामागचं घरात कुणालाच सांगता येत नाही. हाताशी जमिनीचा एक कानडी उतारा आणि ट्रंकेतला एक मोडी कागद. थेट पुण्याच्या पुराभिलेखागारात जावं का? हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारे आणि गावोगाव फिरून वाचून दाखवणारे, त्यांच्या वहीवर किती विसंबावं?

रुमाल
पुणं सगळ्यात शेवटी. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, हजारोंनी आहेत. गाव आणि साल हातात नसेल तर दिवस फुकट जातात. सुरुवात तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून करा. तिथे नावाने अर्ज केलात तर हात हलवत परत याल, कारण नोंदी गाव आणि सर्व्हे नंबराने लावलेल्या असतात. संगणकावरचा उतारा अलीकडचाच. त्यावरचा नंबर घ्या आणि जुन्या हस्तलिखित हक्कनोंदी, वारशाचे फेरफार यांच्या नकला मागा. नंबर 45/1अ असा असेल तर 45 चीही मागा. पोटहिस्सा पडण्याआधीचे सगळे भाऊ तिथेच एकत्र दिसतात. वारशाच्या फेरफारात मयत, वारस आणि नातं एका ओळीत मिळतं, म्हणजे प्रत्येक नोंदीला एक पिढी. मात्र ही वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपते. जोडीला गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि शाळेचं जनरल रजिस्टर बघा.

सीमेवरचा
गाव तेव्हा कुणाच्या अमलात होतं ते आधी ठरवा. बेळगावातलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, आता कोल्हापुरात. जुन्या कागदातला संपगाव तालुका म्हणजे आजचा बैलहोंगल, परसगड म्हणजे सौंदत्ती. सोयरीक पलीकडे असेल तर एकाच घराचे कागद दोन राज्यांत निघतात.

मोडीवाचक
कागदाचा सपाट उजेडात फोटो काढा. लॅमिनेशन अजिबात नको, शाई आणि कागद दोन्ही जातात. मोडीत शब्द तोडलेले नसतात, म्हणून आधी 'मौजे', 'बिन', 'कोम' हे शब्द हेरा. 'बिन'च्या पुढे बापाचं नाव, 'कोम'च्या पुढे नवऱ्याचं. बरेच जण इथेच चुकतात आणि बापाचं नाव आडनाव समजतात. आडनाव नसेलही, पाटील, देसाई हे वतन, म्हणून तोच माणूस दुसरीकडे गावावरून '-कर' लिहिलेला सापडतो.

साल काढताना शकात 78 मिळवा. सुरूसन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांवरचं अरबी आकड्यांचं साल, शब्दांत असतं: 'अर्बा अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे 4, 20, 200, 1000, एकूण 1224. त्यात 599 मिळवले की 1823. पण ते वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारी ते मेमधल्या कागदाला 600 मिळवायचे. हा एक वर्षाचा घोळ फार वंशावळींत राहून गेलाय.

रुमाल
हेळवीचं राहिलं. आपल्या भागात त्यांच्याइतकं मागचं दुसरं कुणाकडे नाही. मूळ गाव कोणतं, भाऊबंद कुठे फुटले, हे त्यांच्या वहीत असतं. सुगीला आले की पूर्ण वाचून घ्या, रेकॉर्ड करा, पण तुमच्याकडची नावं आधी सांगू नका. मग शेवटच्या तीन पिढ्या फेरफाराशी ताडून बघा. त्या जुळल्या तर वरच्या पिढ्या पेन्सिलने लिहा, कागद मिळेल तसतशी शाई. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाइटवर हेळवींच्या काही वह्यांची छायाचित्रं आहेत, खातं फुकट उघडतं. तिथे जिल्हा जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, 'बेलगाम' (Belgaum) असा शोधा.