भाड्याने दिलेली सदनिका आणि सोसायटीचे ठराव

प्रश्न (सभासद, पुणे):
माझी सदनिका भाड्याने दिलेली असून, सोसायटीने सर्वसाधारण सभेच्या ठरावाच्या आधारे देखभाल खर्चाच्या निम्म्याइतके बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसलेल्या सदनिकेवरील जादा आकार) लावले आहे आणि यापुढे अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत, असेही कळवले आहे. तिला असा अधिकार आहे काय?

उत्तर (माजी सचिव):
शुल्काबाबत मुळीच नाही. शासनाच्या 2001 च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या (पहारेकरी, सफाई, सामायिक वीज अशा सेवांसाठीच्या आकाराच्या) 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात आणि सदनिकेत सभासदाचे आई-वडील किंवा विवाहित मुलगी राहत असल्यास ते लागतच नाही. ठराव एकमताचा असला, तरी ही मर्यादा कायम राहते. बिलातील सेवाशुल्काचा रकाना वेगळा काढून लेखी हरकत घ्यावी आणि दाद न मिळाल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावे. मात्र बिल थकवू नये, कारण सोसायटीच्या उपविधींनुसार (नियमावलीनुसार) थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते.

उत्तर (एका सोसायटीचा अध्यक्ष):
हे खरे असले, तरी रात्री दोन वाजता भाडेकरूंचा गोंगाट सुरू होतो तेव्हा मालक परगावी असतो आणि शेजाऱ्यांचे फोन बिनपगारी समितीला येतात. टाकीची सफाई, लिफ्टचा देखभाल करार, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) हेही तीच पाहते. तरीही अविवाहितांवर सरसकट बंदी मला अयोग्य वाटते. नियम गोंगाटाविरुद्ध करावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. भाडेकराराची प्रत समितीला पूर्वीच दिलेली आहे. आता हरकतीच्या पत्रावर शिक्क्यासह पोच घेतो.