‘बूटचा माग काढणे’ बरोबर आहे का?

खानापूरकर:
कॉलेजच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायलोय, कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य प्रोग्रॅम) उभा राहीपर्यंत काय काय होतं त्याचं, म्हणजे बूटचं. ते पायरीपायरीनं शोधायचं, त्याला ‘माग काढणे’ लिहिलं. वडगावचा मित्र विणकराच्या घरचा, तो म्हणतो, आमच्यात माग (कापड विणायचा) काढला म्हणजे धंदा बंद केला! माझ्या डोक्यात चोराचा माग होता. कारण सुरुवातीला पडद्यावर काहीच येत नाही, कर्नेलचे मेसेज नुसते मेमरीत साठतात आणि कन्सोल (मेसेज दाखवायची सोय) लागला की भसाभसा एकदम बाहेर. तोवर सिरियल पोर्टवर (तारेनं दुसऱ्या मशीनला जोडायची जागा) एकेक अक्षर टाकायचं, ‘ए’ दिसला म्हणजे इथवर पोचला, ‘बी’ आला नाही म्हणजे मधेच कुठंतरी मेला. हे ठसे बघत जाणंच की.

शहापूरची:
मित्राचं खरं आहे. आजोबांचे दोन माग घरातनं काढले त्या दिवशी आजी जेवली नव्हती. आमच्या कानाला तेच ऐकू येतं. ‘मागोवा’ लिहा.

निपाणीवाला:
मागोवा नको, तो पेपरातला, ‘वर्षभराचा मागोवा’. माग म्हणजे मार्ग, आणि धागा पण मार्गानंच जातो, म्हणजे दोन्ही माग एकच.

शहापूरची:
दादा, हे ओढून आणल्यासारखं वाटतं. उच्चार सारखा म्हणून मूळ एक होत नाही.

कॅम्पातला:
मुळात कर्नेल कशाला? मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असलेल्या आपल्या बेळगावात कर्नल म्हटलं की पोरांना मिलिटरीतले साहेबच दिसणार. ‘गाभा’ लिहा. आणि बूटला ‘प्रारंभन’.

खानापूरकर:
प्रारंभन कोण बोलतं हो? लॅबमध्ये सगळे ‘मशीन उठलं’, ‘उठेना’ असंच म्हणतात. गाभा चांगला आहे, पण पोरं नोकरीला गेल्यावर कर्नेलच ऐकणार.

कॅम्पातला:
पाटीवरच्या एका मराठी ओळीसाठी इथं माणसं भांडतात, आणि वहीत आपणच इंग्रजी भरायचं?

हिंडलगा:
बूटला माझा शब्द आहे, विरजण. दही लावायला दहीच लागतं, तसं प्रोग्रॅम आणायला आधी प्रोग्रॅम लागतो. जुन्या बायोसच्या (चालू होताच पहिला चालणारा, मशीनमध्येच बसवलेला प्रोग्रॅम) मशीनमध्ये डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला तुकडा बघा, ५१२ बाइट फक्त, शेवटी ५५ आणि एए ही खूण असली की बायोस तो मेमरीत ७सी०० ह्या पत्त्यावर आणून ठेवतो आणि तिथनं चालू करतो. चमचाभरच, पण अख्खं पातेलं त्यावर लागतं. शेजारच्या कन्नड काकी वाटी घेऊन आल्या की ‘हेप्पु’ मागतात, आई विरजण देते.

खानापूरकर:
सेक्टरपुरतं पटलं. पण पुढं कर्नेल प्रोसेसरच्या १६ बिटाच्या पद्धतीतनं ३२ मध्ये, मग ६४ मध्ये जातो आणि दाबून ठेवलेला स्वतःच स्वतःला उलगडतो, ते विरजणात कुठं बसतं?

शहापूरची:
ती घडी मोडणं झालं, साडीची मोडतो तशी. आणि सासरी मी पण हेप्पुच म्हणते.

कॅम्पातला:
ताई, तो कन्नड शब्द आहे.

शहापूरची:
तूप पण कन्नडमधनंच आलं म्हणतात. ते ताटातनं काढू का?

निपाणीवाला:
थंडीत विरजण लागत नाही तेव्हा काय करता? आमच्यात पातेलं तांदळाच्या डब्यात ठेवतात.

हिंडलगा:
आम्ही चुलीशेजारी, गोणपाट गुंडाळून.

खानापूरकर:
टिपण शुक्रवारी द्यायचंय. तूर्त ‘माग घेणे’ लिहिलंय.

शहापूरची:
माग घेणे म्हणजे आमच्यात नवीन माग विकत घेणे.