'प्युरिटन' म्हणजे सोवळा की कर्मठ?

प्रश्न

एम.ए.च्या मुलांसाठी सुरुवातीच्या अमेरिकन साहित्यावर मराठीत टिपणं लिहिते आहे आणि दुसऱ्याच पानावर अडकले. 'प्युरिटन' म्हणजे इंग्लंडचं चर्च शुद्ध करू पाहणारे आणि सतराव्या शतकात अमेरिकेत, बोस्टनच्या आसपास मॅसॅच्युसेट्समध्ये वसलेले कडवे प्रोटेस्टंट. त्यांच्यासाठी मी आजवर वर्गात 'कर्मठ' म्हणत आले. एका सहकाऱ्याने 'सोवळे' सुचवलं. पुढे 'ट्रान्सेंडेंटलिझम', म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एमर्सन, थोरो या लेखकांचा विचार, वाट बघतोच आहे. त्याला 'अतींद्रियवाद' म्हटलं की मुलांना थेट भुताखेतांची आठवण होते. काय वापरावं?

प्रतिसाद १

'सोवळे' झकास आहे. शुद्धता दोन्हीकडे. नाचगाणी नकोत, नाटक नको, रविवारी कामाला हात लावायचा नाही. आमच्या आजीला बोस्टनमध्ये अजिबात परकं वाटलं नसतं.

प्रतिसाद २

आजींना बोस्टनमध्ये पहिल्याच डिसेंबरात धक्का बसला असता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा झाला: नाताळ साजरा करताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. १६८१पर्यंत तो टिकला. म्हणजे ही सण पाळणारी नव्हे, सण बंद करणारी मंडळी. बायबलमध्ये ज्याला आधार नाही ते सगळं चर्चमधून हाकला, हा त्यांचा आग्रह. मूर्ती, झगे, धूप, ठरीव प्रार्थना, सगळं गेलं.

सोवळ्यात शुद्ध करायचं असतं ते स्वतःला: आंघोळ, धूतवस्त्र, कुणी शिवू नये ही काळजी. प्युरिटनांना शुद्ध करायचं होतं ते चर्च. दिशाच वेगळी. आणि हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही, सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्यांच्या विरोधकांनी चिडवायला पाडलेलं आहे.

'कर्मठ' तर त्याहून फसवा. कर्मकांडाला चिकटून राहणारा तो कर्मठ. प्युरिटनांचा धर्मविचार सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनचा: माणसाच्या कर्माने, पुण्याने मुक्ती मिळत नाही. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं आहे. कर्मावर विश्वास नसलेल्यांना आपण 'कर्मठ' म्हणतोय! (हिंदीत 'कर्मठ' म्हणजे कष्टाळू. तो अर्थ मात्र त्यांना फिट्ट बसतो, पण तो आपल्या कामाचा नाही.)

प्रतिसाद ३

मग 'शुद्धिवादी' का नको? सावरकरांची भाषाशुद्धी आठवेल, पण क्रिया तीच आहे. बाहेरून शिरलेलं निवडून काढायचं.

प्रश्नकर्ती

'शुद्धिवादी' आवडला. पहिल्यांदा 'प्युरिटन' लिहून पुढे हाच वापरीन. आता त्या 'आधीच ठरवलेलं आहे'ला काय म्हणू? 'प्रारब्ध'?

प्रतिसाद २

प्रारब्ध नको. ते आपल्याच मागच्या कर्माचं फळ, म्हणजे कुठेतरी हिशेब आहे. इथे हिशेबच नाही. त्यातल्या त्यात सटवाई जवळची: सहाव्या रात्री येते आणि कपाळावर लिहून जाते, बाळाने काय केलंय हे विचारत नाही. पण सटवाई आयुष्य लिहिते, कॅल्विनचा देव मरणानंतरचं लिहितो, तेही जन्माच्या आधी. 'पूर्वनियती' रुक्ष आहे, पण तोच घ्या.

हे मुलांना नीट समजावा, कारण त्या काळचं साहित्य यातूनच आलं आहे. आपण तरणार की बुडणार हे कळायला मार्ग नाही, म्हणून माणूस रोज स्वतःच्या मनाची झडती घेतो. रोजनिश्या, आत्मवृत्तं, कबुलीजबाब यांचा त्यांच्याकडे सुकाळ आहे तो म्हणून. चर्चचं सभासद व्हायचं तर आपल्याला कृपेचा अनुभव कसा आला हे मंडळीसमोर सांगावं लागे. १७४१ साली जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने एन्फील्डला जे प्रवचन दिलं त्यात माणूस हा आगीवर धरलेला कोळी आहे. देवाने हात सोडला की संपलं.

प्रतिसाद ४

'अतींद्रियवादा'बद्दल. शब्द अर्थाने चूक नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकचं म्हणणं होतं की बुद्धीत जे आहे ते इंद्रियांवाटेच आलेलं आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने सांगितलं की मनाची काही रूपं अनुभवाच्या आधीची आहेत. एमर्सनने १८४२च्या व्याख्यानात नावाचं मूळ हेच दिलं आहे. पण मराठीत 'अतींद्रिय' म्हटलं की पुढे 'शक्ती' येते आणि त्यामागून दिवाळी अंकातली गूढकथा. मी 'अंतःप्रज्ञावाद' वापरतो, कारण या लोकांचा भर त्यावरच होता: सत्य आतून कळतं, मध्ये पाद्री नको. एमर्सन स्वतः पाद्री होता. प्रभुभोजनाचा विधी मनाला पटेना म्हणून १८३२ साली त्याने बोस्टनमधली ती जागा सोडली.

म्हणजे दोनशे वर्षांत झडती तीच राहिली, सापडणारी वस्तू बदलली. प्युरिटनाला आत पाप सापडायचं, एमर्सनला देव.

प्रतिसाद १

मग एमर्सनच्या 'ओव्हर-सोल'ला, सगळ्यांत एकच असलेल्या त्या आत्म्याला, सरळ 'परमात्मा' म्हणा की. गीता वाचलेली होती ना त्यांनी?

प्रतिसाद ४

वाचली होती. 'ब्रह्म' नावाची त्याची १८५७ची कविता दुसऱ्या अध्यायातल्या 'य एनं वेत्ति हन्तारं'शेजारी ठेवून बघा. अमेरिकन वाचकांनी तेव्हा तिची विडंबनं केली, आपल्याला मात्र ती पाठ असल्यासारखी वाटते. घोटाळा इथेच आहे. 'परमात्मा' लिहिलं की मुलं सगळं ओळखीचं समजून पुढे जातील. 'विश्वात्मा' म्हणा. ज्ञानेश्वरांचा 'विश्वात्मकें देवें' कानात असतोच, तेवढी ओळख पुरे.

थोरोचंही तसंच. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं 'वॉल्डन' हे पुस्तक मराठीत आणलं, तेव्हा तो आपल्याकडे जुनाच पाहुणा. वॉल्डन तळ्यातला बर्फ कापणारे मजूर बघताना त्याला मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्या विहिरीचं पाणी पिताहेत असं वाटतं. अमेरिकन बर्फ त्या काळी जहाजाने मुंबईला खरंच यायचा. पण बर्फ इकडे आला आणि गीता तिकडे गेली म्हणून शब्द एकच होत नाहीत.

प्रश्नकर्ती

पटलं. शेवटचा एक. देवाने तारायला निवडलेले ते 'इलेक्ट'. 'निवडक' म्हटलं की कथासंग्रह वाटतो. 'कृपापात्र' कसा आहे? माझ्या कानाला तो साहेबांच्या मर्जीतल्या माणसाचा वास येतो.

प्रतिसाद २

येऊ द्या. मर्जी का बसली ते साहेबालाच ठाऊक, आणि उरलेलं ऑफिस दिवसभर आपलं नाव यादीत आहे का याचा अंदाज घेत बसलेलं. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत याहून वेगळं काय चाललं होतं?