म्यानमार : बहुमत मिळूनही सत्ता का गेली?

प्रश्न : नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले असताना, नव्या संसदेची बैठक ज्या दिवशी भरायची त्याच पहाटे, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, लष्कराला सत्ता इतक्या सहज कशी घेता आली?

प्रतिसाद १ : मुळात लष्कराने लोकनियुक्त सरकारकडे सत्ता पूर्णपणे सोपवलीच नव्हती. २००८ च्या राज्यघटनेने संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून अधिक मते आवश्यक ठरवली. म्हणजे नकाराधिकार कायम लष्कराच्याच हाती. गृह, संरक्षण आणि सीमा ही खातीही सरसेनापतीच्याच माणसांकडे होती. याला लोकशाही म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते.

प्रतिसाद २ : तरीही लोक गप्प बसले नाहीत. यांगून या सर्वांत मोठ्या शहरात रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजू लागली. भूत पळवण्याची ही तिथली जुनी रीत.

प्रतिसाद ३ : रोहिंग्यांना, म्हणजे म्यानमारमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांना, विसरू नका. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे त्यांच्यातले सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले आणि २०१९ मध्ये सू ची यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध आपल्या देशाचा बचाव केला. चौदा महिन्यांनी त्याच लष्कराने त्यांना अटक केली.