उत्तर: एमजेएमएल हाताने कंपाईल करत बसू नका, गल्पला जुंपा
एमजेएमएल म्हणजे ईमेलची टेम्प्लेट्स लिहायची भाषा, ती कंपाईल करून एचटीएमएल मिळतं, आणि गल्प म्हणजे असली रोजची कामं आपोआप करणारं टूल. प्रश्नात म्हटलंय की टेम्प्लेट बदललं की टर्मिनलवर कमांड मारायची आणि तयार एचटीएमएल उचलून बॅकएंडच्या फोल्डरात टाकायचं, ते मी पण वर्षभर केलंय, मग एकदा घाईत जुनीच फाईल लाईव्ह गेली, त्यात ऑफरची तारीख मागच्या महिन्याची, तेव्हा कुठे डोळे उघडले :)

गल्प-एमजेएमएल प्लगइन घ्या, टास्क (गल्पला नेमून दिलेलं काम) चार ओळींचा होतो. फक्त प्लगइनच्या पोटातल्या एमजेएमएलवर विसंबू नका, स्वतःचं इन्स्टॉल करून पहिलं आर्ग्युमेंट म्हणून पास करा, नाहीतर व्हर्जन वेगळं पडून कमांडचं आउटपुट एक आणि गल्पचं दुसरंच.

खरी गोची आहे वॉचमधे, म्हणजे फाईल बदलली की टास्क आपोआप चालवण्यात. हेडर-फूटर वेगळ्या फाईलीत ठेवून एमजे-इन्क्लूडने ओढत असाल आणि स्पीडसाठी लास्टरन (मागच्या रननंतर बदललेल्याच फाईली घ्यायची गल्पची सोय) लावला असेल, तर फूटर बदलल्यावर मेन टेम्प्लेट काही बदललेलं नसतं, त्यामुळे गल्प ते खुशाल सोडून देतो आणि आपण ब्राउझर रिफ्रेश करत डोकं खाजवतो. पार्शल्सचा (हेडर-फूटरसारख्या तुकड्यांचा) फोल्डर वॉच करा आणि त्यात काही हललं की सगळंच परत कंपाईल करा, वीस-पंचवीस टेम्प्लेट्सना असा कितीसा वेळ लागतो!

व्हॅलिडेशन लेव्हल (टॅग किती कडक तपासायचे ते) स्ट्रिक्ट ठेवा, एमजेएमएलचा डिफॉल्ट सॉफ्ट आहे, चुकीच्या टॅगवर तो नुसती कुरकुर करतो, बिल्ड पाडत नाही. आणि हँडलबार्सच्या (टेम्प्लेटमधे डेटा भरणाऱ्या लायब्ररीच्या) इफ-एल्स ओळी सेक्शनच्या बाहेर असतील तर एमजे-रॉमधे गुंडाळा, त्या टॅगच्या आतलं एमजेएमएल जसंच्या तसं सोडतं.

शेवटी फाईलचा साईज पण चेक करा, १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल मेल कापतं, आणि तळाशी असलेली अनसबस्क्राईबची लिंकच आधी गायब होते.