गुण[-१] आरमध्ये वेगळं, पायथॉनमध्ये वेगळं: इंडेक्सिंगमागे काही लॉजिक आहे का?

डेटावाली_ताई

नमस्कार मंडळी. मी स्टॅटिस्टिक्सवाली, आत्तापर्यंतचं सगळं काम आर या प्रोग्रामिंग भाषेत झालंय. आता टीमचं सगळं पायथॉनवर न्यायचं ठरलंय आणि जुन्या स्क्रिप्ट एकेक करून उतरवायचं काम माझ्याकडे आलंय. आर यादीतल्या जागा (इंडेक्स) एकापासून मोजतं आणि पायथॉन शून्यापासून हे ठाऊक आहे, सगळे सांगतात की जिथे तिथे एक वजा कर की झालं, पण तेवढ्याने भागत नाहीये.

समजा गुण नावाच्या व्हेक्टरमध्ये (आकड्यांच्या यादीत) ४५, ६२, ७८, ९१ आहेत. आरमध्ये गुण[-१] म्हणजे पहिला सोडून बाकीचे, म्हणजे ६२, ७८, ९१. पायथॉनमध्ये अगदी तसंच लिहिलं तर शेवटचा एकटा ९१ हातात येतो. आणि एरर कुठेच नाही! पुढे नमपायने (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) सरासरी काढली तर ते एकट्या आकड्याचीही मुकाट काढून देतं, मग आरमध्ये ७७ आणि पायथॉनमध्ये ९१. गुण[२:३] चं पण तेच, आरमध्ये ६२ आणि ७८ असे दोन मिळतात, पायथॉनमध्ये फक्त ७८. बरं दोन्हीकडचा एक वजा करून गुण[१:२] केलं तर फक्त ६२. बरोबर उत्तर गुण[१:३] आहे, म्हणजे सुरुवातीचा एक वजा करायचा आणि शेवटचा तसाच ठेवायचा.

हे असं का ठेवलंय त्याला काही कारण आहे का, की ज्याने त्याने मनाला येईल तसं केलं? आणि शेकडो ओळी उतरवताना नक्की कुठे बघायचं?

पॉइंटर_काका

कारण आहे आणि ते मेमरीत आहे. सी भाषेत ॲरेचं (मेमरीत ओळीने ठेवलेल्या यादीचं) नाव म्हणजे व्यवहारात पहिल्या घटकाचा पत्ता, आणि अ[३] लिहिलं की कंपायलर ते *(अ + ३) असं वाचतो, म्हणजे पत्त्यापासून तीन घरं पुढे जा. इंट (पूर्णांक) ४ बाइटचा असेल तर १२ बाइट पुढे. पहिल्या घटकापाशी पोचायला कुठेच जावं लागत नाही म्हणून त्याचा इंडेक्स शून्य. ही निव्वळ बेरीज असल्यामुळे सी मध्ये ३[अ] असं उलटं लिहिलं तरी चालतं, करून बघा. ही पद्धत सी च्याही आधीची, मार्टिन रिचर्ड्सच्या १९६७ च्या बीसीपीएल भाषेतून बी भाषेत आणि तिथून सी मध्ये आली, मग सी++, जावा, जावास्क्रिप्ट सगळे त्याच वाटेने गेले.

तुमचं आर दुसऱ्या घराण्यातलं. १९५७ चं फोरट्रान शास्त्रज्ञांसाठी होतं, त्यांच्या मॅट्रिक्सची पहिली ओळ म्हणजे १, म्हणून ॲरे पण १ पासून. मॅटलॅब त्याच वळणाचं. आणि आर ज्या एस भाषेवरून बेतलं, ती एस सुरुवातीला फोरट्रानच्या रूटीनवरच उभी होती. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की एस आणि सी दोन्ही बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत जन्मल्या! एकाच संस्थेत एक भाषा शून्यापासून मोजते आणि दुसरी एकापासून, कारण एकीच्या लोकांसमोर मशीन होतं आणि दुसरीच्या लोकांसमोर डेटा. मनाला येईल तसं कोणी केलेलं नाही.

जाता जाता, मॅट्रिक्सपण बघून घ्या. आर आणि फोरट्रान मेमरीत कॉलमने भरतात, सी आणि नमपाय बाय डिफॉल्ट ओळीने. १ ते ६ आकडे २ बाय ३ मध्ये टाकले तर आरमध्ये पहिली ओळ १, ३, ५ येते आणि नमपायमध्ये १, २, ३.

अर्धखुला

काकांनी शून्याचं सांगितलं, पण ताईंचा दुसरा प्रश्न शेवटचा आकडा का धरत नाहीत हा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाची ११ ऑगस्ट १९८२ ची एक हाताने लिहिलेली टिपण आहे, ईडब्ल्यूडी ८३१, छोटीशीच, जरूर वाचा. त्याने २ पासून १२ पर्यंतचे आकडे घेतले आणि ते लिहायच्या चार पद्धती मांडल्या, दोन्ही टोकं धरून, दोन्ही सोडून, किंवा एकच धरून. सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा (२ ≤ आय < १३) ही पद्धत त्याने निवडली कारण १३ वजा २ केलं की ११ म्हणजे थेट लांबी मिळते, आणि एक तुकडा जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो. सुरुवात सोडून शेवट धरला तरी हे दोन्ही फायदे असतात, पण मग ० पासूनचा पल्ला लिहायला -१ पासून सुरुवात करावी लागते, ते त्याला कुरूप वाटलं. मग त्याच पद्धतीत एन घटकांचा पल्ला ० पासून धरला तर ० ≤ आय < एन असा सुटसुटीत येतो, १ पासून धरला तर १ ≤ आय < एन+१ असा. झेरॉक्स पार्कच्या मेसा भाषेत चारही पद्धती चालायच्या आणि तिथल्या अनुभवावरून बाकीच्या तीन चुकांना आमंत्रण देतात असंही त्याने नोंदवलंय.

पायथॉनमध्ये बघा, गुण[:क] आणि गुण[क:] हे दोन तुकडे जोडले की क काहीही असो मूळ यादी परत मिळते, कुठे एक मिळवायचा नाही की वजा करायचा नाही. रिकामा तुकडा हवा तर गुण[२:२]. इंडेक्स म्हणजे फूटपट्टीवरच्या रेघा समजा, घटक दोन रेघांच्या मधे असतो, मग १ ते ३ मधे दोन घटक का येतात हे आपोआप दिसतं.

आणि पायथॉनचं -१ म्हणजे लांबी वजा १ चं लघुरूप, एवढंच. तुम्हाला आरवालं गुण[-१] हवं असेल तर पायथॉनमध्ये गुण[१:].

डेटावाली_ताई

वा, दोघांचेही आभार, सुरुवातीचा वजा का आणि शेवटचा का नाही हे आता डोक्यात बसलं. पण मग जोखीम कुठे आहे? सगळ्या ओळी हाताने बघणं शक्य नाही.

सीमारेषा

माझं स्पष्ट मत सांगतो, ० की १ हा वाद लोकांनी उगाच मोठा केलाय. खरा प्रश्न असा की इंडेक्स हद्दीबाहेर गेला तर भाषा ओरडते की गप्प बसते. सी गप्प बसते, शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलून देते. २०१४ चा हार्टब्लीड हा सुरक्षेतला दोष याच जातीचा, ओपनएसएसएलने (इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी लायब्ररी) समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला आणि एका वेळी ६४ केबीपर्यंतची परकी मेमरी बाहेर जायची. जावा एक्सेप्शन टाकते, रस्ट प्रोग्रामच थांबवते, ते योग्य आहे. जावास्क्रिप्ट अनडिफाइन्ड देऊन पुढे जाते. लुआ भाषेत तर ० वर किंमत खुशाल ठेवता येते, पण आयपेअर्सने (यादीतून फिरायचं फंक्शन) फिरलात तर ती दिसतच नाही.

आता तुमच्याकडे येऊ. आरमध्ये गुण[१०] म्हणजे एनए (किंमत नाही), पायथॉनमध्ये इंडेक्सएरर, तिथे पायथॉन चांगलं. पण स्लाइस (कोलन टाकून घेतलेला तुकडा) मात्र गुण[२:१००] लिहिलं तरी निमूट दोनच देते. आणि सगळ्यात घातक जागा ही: लूपमध्ये आजच्या आकड्यातून कालचा वजा करायचा, म्हणजे गुण[आय] - गुण[आय-१]. आरमध्ये आय १ असताना गुण[०] होतं, ते रिकामं व्हेक्टर देतं, पुढे इफमध्ये गेलं की आर लांबी शून्य म्हणून अडवतं. पायथॉनमध्ये आय ० असताना गुण[-१] होतं आणि पहिल्या दिवसातून शेवटचा दिवस वजा होतो, कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून पहिल्यांदा वजाबाकी असलेला प्रत्येक इंडेक्स शोधा.

मग जुन्या आर कोडमध्येच झोपलेल्या दोन गोष्टी. एक, १:लेंथ(गुण). व्हेक्टर रिकामं असेल तर हे १ आणि ० असं दोनदा फिरतं, पायथॉनचं रेंज एकदाही फिरणार नाही, म्हणजे रिकाम्या डेटावर दोन्हीकडची उत्तरं जुळणार नाहीत आणि बरोबर पायथॉनचं असेल. दोन, गुण[-व्हिच(गुण > १००)]. शंभरच्या वरचे काढून टाका असा हेतू, पण एकही नसेल तर व्हिच (अटीत बसणाऱ्यांचे इंडेक्स देणारं फंक्शन) रिकामं येतं, रिकाम्याचं उणे पण रिकामंच, आणि सगळे गुण उडतात! हे जसंच्या तसं उतरवू नका, अट उलटी करून गुण[गुण <= १००] असं नमपायमध्ये लिहा.

पांडाजमध्ये (पायथॉनची तक्त्यांची लायब्ररी) तर दोन्ही पद्धती एकत्र नांदतात, आयलॉक जागेच्या क्रमांकावर चालतं म्हणून शेवट सोडतं आणि लॉक लेबलवर चालतं म्हणून शेवट धरतं. डिफॉल्ट लेबलं ० पासून असल्यामुळे लॉक[१:३] म्हणजे दुसरी, तिसरी आणि चौथी ओळ. आरवाल्या डोक्याला ते ओळखीचं वाटतं आणि एका ओळीने सरकतं.

नवा_गडी

यापेक्षा ज्युलिया भाषेवर का जात नाही? १ पासून मोजतं, दोन्ही टोकं धरतं, आणि -१ दिलं की सरळ बाउंड्सएरर.

सीमारेषा

भाषा चांगली आहे, पण टीमचं पायथॉन ठरलंय ना, ताईंच्या एकटीच्या हातात नाही ते. शिवाय ज्युलियात ऑफसेटॲरेज हे पॅकेज वापरून सुरुवात कुठूनही करता येते, मग १:लेंथ गृहीत धरलेला कोड तिथेही फसतो, ईचइंडेक्स वापरावं लागतं. फोरट्रान ७७ मध्येपण -५ पासून ५ पर्यंतचा ॲरे करता यायचाच की.

ताई, एक करा. प्रत्येक फंक्शनला दोन्ही भाषांमध्ये तीन इनपुट द्या, रिकामं, एकाच घटकाचं आणि खऱ्या डेटातलं, आणि उत्तराच्या आधी लांबी ताडून बघा. लांबी चुकली की इंडेक्स चुकलाय.

डेटावाली_ताई

झालं, आजच -व्हिच शोधायला घेते. आमच्याकडे ते बऱ्याच फाइलींमध्ये आहे.